झांबियाचा फुटबॉल संघ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेतला फुटबॉल म्हटलं की आपल्याला कॅमेरून, नायजेरिया, घाना, सेनेगल ही नावं आठवतात, कारण हे संघ विश्वचषकात दिसले. झांबियाचा पुरुषांचा संघ तिथे अजून पोहोचलेला नाही. त्यामुळे त्याचा विषय निघाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "ज्यांचा अख्खा संघ विमान अपघातात गेला, तेच ना?" हो, तेच. पण तो संघ अपघाताआधी किती चांगला होता, हे कळल्याशिवाय त्या दिवशी काय हरपलं हे कळत नाही. म्हणून हे पान अपघातापासून सुरू होत नाही.

झांबियात फुटबॉल रुजला कसा?

तांब्याच्या खाणींमुळे. झांबिया हा आफ्रिकेच्या दक्षिण भागातला, चारही बाजूंनी जमिनीने वेढलेला देश. इंग्रजांच्या काळात त्याचं नाव उत्तर ऱ्होडेशिया होतं. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून असलेल्या उत्तरेकडच्या पट्ट्याला 'कॉपरबेल्ट' म्हणतात. किटवे, न्डोला, मुफुलिरा, चिंगोला, लुआन्शा ही तिथली शहरं खाणींभोवतीच वाढली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात खेड्यापाड्यांतून हजारो माणसं कामासाठी तिथे आली आणि कंपनीने बांधलेल्या वस्त्यांत राहू लागली. शिफ्ट संपल्यावर या माणसांना काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून कंपन्यांनी मैदानं आखून दिली, बूट-चेंडू पुरवले. मालकांचा हिशेब सरळ होता : खेळात रमलेला कामगार संपाचा विचार कमी करतो. तो हिशेब पूर्णपणे काही जुळला नाही, कारण याच पट्ट्यातल्या कामगारांनी पुढे मोठे संप केले. पण फुटबॉल मात्र तिथे कायमचा राहिला.

गोऱ्यांचा आणि काळ्यांचा फुटबॉल तेव्हा वेगवेगळा होता. मैदानं वेगळी, स्पर्धा वेगळ्या. २४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला, त्याच वर्षी झांबिया फिफाचा सदस्य झाला आणि या खाणगावांनी घडवलेले खेळाडू पहिल्यांदा देशाच्या नावाने मैदानात उतरले. मुफुलिरा वाँडरर्स, किटवेचा न्काना, चिंगोलाचा न्चांगा रेंजर्स, लुआन्शाचा रोआन युनायटेड ही क्लबांची नावं वाचली तरी खाणींचा नकाशा डोळ्यांसमोर येतो. १९७० च्या सुमारास सरकारने खाणींत ५१ टक्के वाटा घेतला. त्यानंतरही क्लबांचा खर्च खाणीच उचलत राहिल्या. खेळाडूला खाणीत नोकरी मिळायची, राहायला घर मिळायचं, आणि सरावासाठी सुट्टीही. झांबियाच्या पुढच्या सगळ्या यशापयशाचं मूळ या व्यवस्थेत आहे, हे माझं ठाम मत आहे. पुढच्या काही उत्तरांत ते पुन्हा येईल.

'केके इलेव्हन' आणि 'चिपोलोपोलो' ही एकाच संघाची नावं आहेत का?

हो. पहिले राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांना लोक 'केके' म्हणत. त्यांना फुटबॉलचं मनापासून वेड होतं, म्हणून संघ 'केके इलेव्हन' झाला. १९९१ च्या निवडणुकीत काउंडांची सत्ता गेली आणि ते नावही मागे पडलं. त्यानंतरचं 'चिपोलोपोलो' म्हणजे तांब्याच्या गोळ्या, बंदुकीतून सुटणाऱ्या.

या संघाने पहिली मोठी मजल कधी मारली?

१९७४ साली. इजिप्तमधली आफ्रिका चषक स्पर्धा ही झांबियाची पहिलीच, आणि पहिल्याच फटक्यात संघ अंतिम सामन्यात पोहोचला. युगोस्लाव्हियाहून आलेले आन्ते बुशेलिच प्रशिक्षक होते. उपांत्य सामन्यात काँगो-ब्राझाव्हिलला जादा वेळेत ४-२ ने हरवलं. अंतिम सामना झैरशी, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाशी. तो जादा वेळेनंतरही २-२ असा बरोबरीत राहिला. तेव्हा पेनल्टींवर निकाल लावायची पद्धत तिथे नव्हती, म्हणून दोन दिवसांनी कैरोतच सामना पुन्हा खेळवला गेला. तो झैरने २-० ने जिंकला. झैरचे दोन्ही सामन्यांतले चारही गोल एकाच माणसाचे, न्दाये मुलाम्बा यांचे. त्या स्पर्धेत त्यांनी नऊ गोल केले.

त्याच झैरने त्याआधी १९७४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतही झांबियाला दोनदा हरवलं होतं. शेवटच्या टप्प्यात झैर, झांबिया आणि मोरोक्को असे तीनच संघ उरले होते. लुसाकात झांबियाने मोरोक्कोला ४-० ने धूळ चारली, पण विश्वचषकाला गेला झैर. विश्वचषकाच्या उंबरठ्यावर येऊन परत फिरण्याची सुरुवात इथून झाली.

गॉडफ्रे चितालूंनी एका वर्षात १०७ गोल केले होते, हे खरं आहे का?

झांबियाच्या फुटबॉल संघटनेचं म्हणणं तसं आहे. २०१२ साली लिओनेल मेस्सीने एका वर्षात ९१ गोल केल्यावर जगभर विक्रमाची चर्चा झाली, तेव्हा संघटनेने १९७२ सालच्या नोंदी पुढे केल्या : चितालूंचे १०७ गोल. आपण देशांतर्गत स्पर्धांच्या नोंदी ठेवत नसल्याने याची खातरजमा करता येत नाही, असं फिफाने सांगितलं.

माझ्या दृष्टीने आकडा १०७ की त्याहून कमी, यावर घसा कोरडा करण्यात अर्थ नाही. कागदोपत्री युरोपचा जो गोल मोजला जातो आणि आफ्रिकेचा जो मोजायचा राहतो, त्यातली तफावत जास्त बोलकी आहे. देशासाठी सर्वाधिक गोल करणारे झांबियन म्हणून चितालूंचं नाव आजही पहिलं घेतलं जातं. खेळ सोडल्यावर ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. १९९३ मध्ये त्या विमानात तेही होते.

इटलीला ४-० ने हरवलं ते कधी?

१९ सप्टेंबर १९८८, सेऊल ऑलिंपिक, सामना ग्वांगजू शहरात. प्रशिक्षक झांबियाचेच सॅम्युअल 'झूम' न्धलोवू. गटात आधी इराकशी २-२ बरोबरी झाली होती, त्यामुळे या सामन्याकडून कोणाला फार अपेक्षा नव्हती. समोर इटालियन लीगमध्ये खेळणारे, पगारी, नावाजलेले खेळाडू. झांबियाचे बहुतेक खेळाडू कॉपरबेल्टच्या क्लबांमधले. कालुशा ब्वाल्याने तीन गोल केले, चौथा जॉन्सन ब्वाल्याचा.

तो सामना मिळाला तर जरूर पाहा. नशिबाने मिळालेला विजय असा दिसत नाही. झांबियाचे खेळाडू चेंडू जमिनीलगत ठेवून छोट्या छोट्या पासांनी इटलीचा बचाव फोडतात, आणि कालुशा डाव्या पायाने हवं ते करतो. पुढच्या सामन्यात ग्वाटेमालालाही ४-० ने हरवून संघ गटात पहिला आला. उपांत्यपूर्व फेरीत मात्र पश्चिम जर्मनीने तेवढ्याच फरकाने घरी पाठवलं. त्या दिवशी हॅट्‌ट्रिक युर्गन क्लिन्समनची होती.

त्या वर्षी आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून कालुशाची निवड झाली. मुफुलिरात जन्मलेला हा मुलगा तोवर बेल्जियमच्या सर्कल ब्रुझमध्ये खेळू लागला होता, तिथून हॉलंडच्या पीएसव्ही आइंडहोवनमध्ये गेला.

म्हणजे १९९३ चा संघ खरोखर तेवढा चांगला होता?

होता. याविषयी शंका घेणाऱ्यांनी क्लबांचे निकाल पाहावेत. १९९० मध्ये न्काना आफ्रिकेच्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि अल्जेरियाच्या क्लबाकडून पेनल्टींवर हरला. १९९१ मध्ये किटवेच्याच पॉवर डायनामोजने आफ्रिकेचा कप विनर्स कप जिंकला. राष्ट्रीय संघ १९८२ आणि १९९० च्या आफ्रिका चषकात तिसरा आला होता. इटलीविरुद्ध खेळलेले काही जण आता ऐन उमेदीत होते आणि त्यांच्या जोडीला ताज्या दमाची पोरं आली होती. २५ एप्रिल १९९३ ला या संघाने मॉरिशसमध्ये जाऊन ३-० असा विजय मिळवला. तिन्ही गोल केल्विन मुतालेचे. पुढचा सामना सेनेगलशी, डाकारला, १९९४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला.

२७ एप्रिल १९९३ ला नेमकं काय घडलं?

मॉरिशसहून परतलेला संघ लगेच डाकारला निघाला. विमान झांबियाच्या हवाई दलाचं, कॅनडात बनलेलं दोन पंखा-इंजिनांचं 'बफेलो'. मुळात ते मालवाहतुकीसाठी, कमी पल्ल्याच्या उड्डाणांसाठी बनवलेलं. लुसाकाहून डाकार म्हणजे आफ्रिकेचा जवळपास अर्धा खंड पार करायचा. म्हणून इंधनासाठी ब्राझाव्हिल, लिब्रव्हिल आणि आबीजान असे तीन थांबे ठरले होते. असं विमान का निवडलं? कारण देशाची तिजोरी रिकामी होती. तांब्याचा भाव सत्तरच्या दशकात कोसळला, त्यातून देश कर्जात बुडाला, आणि नव्वदच्या सुरुवातीला फुटबॉल संघटनेकडे नेहमीच्या प्रवासी विमानाची तिकिटं काढायलाही पैसे नसत. लष्करी विमानातून दूरच्या सामन्यांना जाणं ही त्या खेळाडूंची सवयच झाली होती.

ब्राझाव्हिलला इंजिनात दोष असल्याचं लक्षात आलं होतं. तरी प्रवास पुढे सुरू राहिला. गॅबनची राजधानी लिब्रव्हिल इथे इंधन भरून विमान रात्री पुन्हा उडालं आणि काही मिनिटांत किनाऱ्यापासून सुमारे ५०० मीटर अंतरावर अटलांटिक महासागरात कोसळलं. आतले सर्व ३० जण गेले. त्यात १८ खेळाडू होते. गोलरक्षक एफर्ड चाबाला, विस्डम चान्सा, डर्बी माकिंका, दोनच दिवसांपूर्वी हॅट्‌ट्रिक केलेला मुताले, प्रशिक्षक चितालू, त्यांचे सहायक अलेक्स चोला, संघटनेचे अध्यक्ष मायकेल म्वापे, संघाचे डॉक्टर, आणि पाच विमान कर्मचारी.

लुसाकात स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या क्षणांचं साक्षीदार असलेल्या इंडिपेंडन्स स्टेडियमजवळ त्यांचं दफन झालं. त्या जागेला आज 'हीरोज एकर' म्हणतात.

अपघाताला जबाबदार कोण होतं?

गॅबनच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये बाहेर आला. त्यानुसार डाव्या इंजिनाला आग लागली होती, पण वैमानिकाने उजवं, चालू असलेलं इंजिन बंद केलं. त्यामुळे विमानाला वर उचलणारी शक्तीच संपली. धोका दाखवणारा दिवा सदोष होता. शिवाय हाच वैमानिक आदल्याच दिवशी संघाला मॉरिशसहून घेऊन आला होता, म्हणजे तो थकलेला होता. हे विमान कित्येक महिने उडालेलंच नव्हतं, प्रवासाच्या काही दिवस आधी त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या.

अनेकजण 'वैमानिकाची चूक' एवढ्यावर थांबतात. मला ते पटत नाही. दमलेल्या माणसाला पुन्हा त्या आसनावर बसवणारे, बरेच महिने उभ्या असलेल्या विमानात देशाचा संघ बसवणारे आणि ब्राझाव्हिलला दोष दिसूनही पुढे जाऊ देणारे निर्णय जमिनीवर झाले होते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना या निर्णयांचा जाब मिळायला हवा होता, आणि अहवालासाठी दहा वर्षं थांबायला लावणं हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होता.

कालुशा ब्वाल्या त्या विमानात का नव्हता?

तो हॉलंडमध्ये खेळत होता आणि तिथून थेट डाकारला जाणार होता. सकाळी त्याला फोनवर बातमी कळली. स्वित्झर्लंडमध्ये खेळणारा जॉन्सन ब्वाल्याही विमानात नव्हता, आणि बेल्जियमच्या अँडरलेख्टचा चार्ल्स मुसोंडा दुखापतीमुळे संघाबाहेर होता. थोडक्यात, युरोपात गेलेले हे खेळाडू वाचले आणि गेलेल्यांत देशातल्या क्लबांमध्ये खेळणारे बरेच होते. झांबियाच्या घरच्या फुटबॉलला बसलेला घाव म्हणूनच इतका खोल होता.

मग संघ पुन्हा उभा कसा राहिला?

माघार घेण्याचा पर्याय खुला होता आणि कोणी नावं ठेवली नसती. पण देशाने खेळायचं ठरवलं. नव्या मुलांची निवड झाली, डेन्मार्कने मदतीचा हात दिला, डॅनिश प्रशिक्षक रोआल्ड पोल्सन यांच्या हाताखाली संघ तिकडे सरावाला गेला. कर्णधारपद कालुशाकडे आलं. पुढे स्कॉटलंडचे इयन पोर्टरफील्ड प्रशिक्षक झाले.

४ जुलै १९९३. अपघाताला सव्वादोन महिनेही झाले नव्हते. लुसाकात मोरोक्कोविरुद्ध सामना, प्रेक्षकांच्या हाकेच्या अंतरावर त्या कबरी. मोरोक्कोने आधी गोल केला. मग कालुशाने फ्री किकवर बरोबरी साधली आणि जॉन्सन ब्वाल्याने दुसरा गोल केला. २-१. त्यानंतर डाकारला सेनेगलशी ०-०, घरी त्याच सेनेगलवर ४-० असा विजय. १० ऑक्टोबरला कासाब्लांकात मोरोक्कोविरुद्ध शेवटचा सामना होता. बरोबरी झाली असती तरी झांबिया पहिल्यांदा विश्वचषकात गेला असता. मोरोक्कोने १-० ने सामना जिंकला. एका गोलाने अमेरिकेतला विश्वचषक हुकला.

सहा महिन्यांनी ट्युनिशियात आफ्रिका चषक होता. तिथे या संघाने आयव्हरी कोस्टला हरवलं, सेनेगलला हरवलं, उपांत्य सामन्यात मालीचा ४-० ने धुव्वा उडवला. १० एप्रिल १९९४ ला अंतिम सामन्यात समोर ओकोचा, येकिनी, अमुनिके यांचा नायजेरिया, त्या काळातला आफ्रिकेतला सर्वांत बलाढ्य संघ. चौथ्या मिनिटाच्या आतच इलायजा लिटानाने झांबियाला आघाडी मिळवून दिली. पण अमुनिकेने दोन गोल केले आणि चषक नायजेरियाने नेला.

माझ्या लेखी या देशाच्या फुटबॉलची सर्वांत मोठी कामगिरी हीच. २०१२ चा चषक नंतर आला, त्याचे फोटो जास्त पाहिले गेले. पण वर्षभरापूर्वी अठरा खेळाडू गमावलेला संघ खंडातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ ठरतो, याला तोड नाही.

त्यानंतर इतकी वर्षं शांतता का?

पूर्ण शांतता नव्हती. १९९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झांबिया तिसरा आला आणि पाच गोल करून कालुशा त्या स्पर्धेत आघाडीवर राहिला. पण त्यानंतर ओहोटी लागली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खाणी खासगी कंपन्यांकडे गेल्या. नव्या मालकांना क्लब पोसण्यात रस नव्हता. मैदानांची निगा थांबली, पोरांना नोकरीचा आधार उरला नाही. पुढच्या दशकभरात संघ आफ्रिका चषकात गेला तरी गटातूनच परतायचा, २००४ मध्ये तर पात्रच ठरला नाही. २०१० मध्ये फ्रेंच प्रशिक्षक एर्व्ह रेनार यांनी संघाला उपांत्यपूर्व फेरीत नेलं. तिथे नायजेरियाने पेनल्टींवर बाहेर काढलं. तोवर फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष कालुशा होता.

२०१२ च्या विजयाची गोष्ट नीट सांगाल का?

यजमान दोन देश होते : गॅबन आणि विषुववृत्तीय गिनी. झांबियाचे गटाचे, उपांत्यपूर्व आणि उपांत्य असे सगळे सामने विषुववृत्तीय गिनीत होते. लिब्रव्हिलला फक्त अंतिम सामना. म्हणजे १९९३ च्या सहकाऱ्यांच्या त्या समुद्रापर्यंत पोहोचायचं तर अंतिम फेरी गाठायलाच हवी होती. खेळाडूंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रेनार मधल्या काळात दुसरीकडे जाऊन पुन्हा झांबियाकडे आले होते. पहिल्याच सामन्यात संघाने सेनेगलला २-१ ने हरवून सगळ्यांना चकित केलं. लिबियाशी बरोबरी, यजमान विषुववृत्तीय गिनीवर १-० ने विजय, मग सुदानवर ३-०. उपांत्य सामन्यात घानाला पेनल्टी मिळाली, ती असामोआ ग्यानने मारली आणि गोलरक्षक केनेडी म्वीनेने अडवली. दुसऱ्या टोकाला राखीव खेळाडू म्हणून उतरलेल्या इमॅन्युएल मायुकाने वळून मारलेला फटका खांबाला लागून आत गेला. १-०.

लिब्रव्हिलला उतरल्यावर संघ किनाऱ्यावर गेला, फुलं वाहिली. १२ फेब्रुवारीला अंतिम सामना. समोर आयव्हरी कोस्ट : दिदिए द्रोग्बा, याया तुरे, कोलो तुरे, जर्विन्यो. त्या संघाने पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. सुरुवातीलाच झांबियाचा बचावपटू जोसेफ मुसोंडा जखमी होऊन रडत बाहेर गेला. दुसऱ्या सत्रात द्रोग्बाला पेनल्टी मिळाली, त्याने ती गोलच्या वरून मारली. जादा वेळ संपला तरी ०-०.

मग पेनल्टी. झांबियाचे खेळाडू खांद्याला खांदा लावून मध्यरेषेवर गात उभे होते. दोन्ही संघांचे पहिले सातही फटके आत गेले. झांबियाचा पाचवा फटका तर खुद्द गोलरक्षक म्वीनेने मारला. आठवा कोलो तुरेचा, म्वीनेने अडवला. आता झांबियाच्या रेनफर्ड कालाबाने गोल केला की चषक. त्याचा फटका वरून गेला. पुन्हा बरोबरी, पुन्हा धाकधूक. जर्विन्योनेही चेंडू बाहेर घालवला. स्टॉपिला सुन्झू पुढे आला, त्याने चेंडू जाळ्यात धाडला. ८-७.

कर्णधार ख्रिस्तोफर काटोंगो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याचा धाकटा भाऊ फेलिक्सही संघात होता. आणि जल्लोषात सामील व्हायला मुसोंडाला चालता येत नव्हतं, म्हणून रेनार यांनी त्याला स्वतः उचलून नाचणाऱ्या सहकाऱ्यांपर्यंत नेलं.

हा दैवी चमत्कार होता असं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

झांबियात अनेकांची तशी श्रद्धा आहे आणि तिचा मला आदर आहे. त्या शहरात, त्या पाण्याजवळ चषक मिळाल्यावर दुसरं काय वाटेल? पण त्या खेळाडूंच्या श्रमाचं माप कमी होऊ नये असंही वाटतं. कालाबा, सुन्झू आणि आणखी काहीजण लुबुम्बाशीच्या टीपी माझेम्बे क्लबात एकत्र खेळत. लुबुम्बाशी म्हणजे सीमेपलीकडचा तोच तांब्याचा पट्टा. त्यांना एकमेकांचा खेळ डोळे मिटून ठाऊक होता. रेनार यांनी आयव्हरी कोस्टच्या ताकदवान खेळाडूंना मोकळी जागाच मिळू दिली नाही. हा विजय घडवलेला होता.

२०१२ नंतर काय झालं?

घसरण. गतविजेते म्हणून २०१३ ला गेले आणि तीन बरोबऱ्या करून गटातच बाद झाले. २०१५ लाही गटातच बाद झाले. २०१७, २०१९ आणि २०२१ च्या स्पर्धांना तर पात्रच ठरले नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला आयव्हरी कोस्टमध्ये झालेल्या स्पर्धेत पुनरागमन झालं, पण गटाच्या पुढे मजल गेली नाही. मधल्या काळातली आनंदाची गोष्ट म्हणजे २०१७ मध्ये घरच्या मैदानावर जिंकलेला २० वर्षांखालचा आफ्रिका चषक. पॅटसन डाका आणि फॅशन सकाला त्याच संघातले. डाका पुढे इंग्लंडच्या लेस्टर सिटीत गेला आणि युरोपा लीगच्या एका सामन्यात स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध त्याने चार गोल केले.

पुरुष संघ विश्वचषकाला एकदाही का गेला नाही?

१९७४ ला झैर आडवा आला, १९९४ ला कासाब्लांकातला तो एक गोल. २०१८ च्या पात्रता फेरीत अल्जेरियाला घरी आणि बाहेर दोन्हीकडे हरवूनही गटात नायजेरिया पुढे गेला. आफ्रिकेला वर्षानुवर्षं मोजक्याच जागा मिळत होत्या, हे खरं. पण मोठं कारण मला खाणींच्या पडझडीत दिसतं. गावागावांतून मुलं वर आणणारी जुनी साखळी तुटली आणि तिच्या जागी दुसरी उभी केली गेली नाही. गुणवत्ता आहेच, २०१७ ची मुलं त्याचा पुरावा. तिला दहा वर्षं सलग सांभाळणारं कोणी नाही.

आणि महिला संघ?

हा प्रश्न खरं तर पहिला विचारायला हवा. पुरुषांना जे साधलं नाही ते महिलांनी केलं. 'कॉपर क्वीन्स' २०२३ च्या विश्वचषकात खेळल्या. जपान आणि स्पेनकडून प्रत्येकी पाच गोलांनी हरल्या, पण कोस्टा रिकाला ३-१ ने हरवलं, आणि त्या सामन्यात बार्ब्रा बांडाने पेनल्टीवर केलेला गोल हा महिला विश्वचषकाच्या इतिहासातला एक हजारावा. त्याआधी टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने नेदरलँड्सविरुद्ध तीन आणि लगेच पुढच्या सामन्यात चीनविरुद्ध तीन गोल केले होते. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन हॅट्‌ट्रिक करणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. २०२४ मध्ये आफ्रिकेची सर्वोत्तम महिला खेळाडू तीच ठरली. तिची सहकारी रेचल कुंडानांजी हिला त्याच वर्षी अमेरिकेच्या बे एफसीने घेतलं, तेव्हा महिला फुटबॉलमधला तोवरचा सर्वांत महागडा करार झाला.

या संघाचा बचाव कच्चा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. नेदरलँड्सकडून त्या सामन्यात दहा गोल खाल्ले. पण आक्रमणात इतके बेधडक खेळणारे संघ कमी सापडतील.

सुरुवात कोणत्या सामन्यांपासून करावी?

मी तीन सुचवेन. १९८८ चा इटलीविरुद्धचा, कालुशाच्या डाव्या पायासाठी. २०१२ चा अंतिम सामना, पण फक्त पेनल्टी न पाहता पूर्ण १२० मिनिटं, म्हणजे सुन्झू आणि त्याच्या जोडीदाराने द्रोग्बाला कसं बांधून ठेवलं ते दिसेल. आणि टोकियो ऑलिंपिकमधला महिलांचा चीनविरुद्धचा ४-४. वेळ कमी असेल तर या शेवटच्यापासून सुरू करा, कारण बांडा अजून खेळते आहे आणि तिचा पुढचा सामना तुम्हाला थेट पाहता येईल.